राउटर चालू, पहारा बंद!

कंपनीने देखभाल थांबविलेल्या घरगुती राउटरचे धोके आणि त्यावरील उपाय

मुरुड : राजपुरीच्या धक्क्यावरून सुटलेली शिडाची होडी जंजिऱ्याच्या दरवाजाला लागते आणि पर्यटक बिनदिक्कत आत शिरतात. ज्या किल्ल्यापुढून संभाजी महाराजांच्या फौजेलाही माघारी फिरावे लागले, त्याचा तट आजही बहुतांशी शाबूत आहे. तो लढविणारे मात्र कोणी उरलेले नाही. घरोघरी इंटरनेट पोचविणाऱ्या राउटर नावाच्या छोट्या पेटीचेही काहीसे असेच होते. उत्पादक कंपनीने तिची देखभाल थांबविली, तरी तिच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत राहतात आणि मोबाईलवर चित्रफिती दिसत राहतात. पहारा तेवढा उठलेला असतो आणि त्याची वर्दी बहुधा घरमालकापर्यंत पोचत नाही.

मुरुड, नांदगाव, काशीद या किनारपट्टीवर घरगुती निवास व्यवस्था हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा आहे. आलेला पाहुणा मासळीच्या जेवणाइतक्याच सहजपणे 'वाय-फाय'चा पासवर्ड मागतो. घरातील एकच राउटर मग मालकाचे बँक व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि अनोळखी पाहुण्यांचे मोबाईल या सर्वांचा भार वाहतो. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आणि तारा आडव्या केल्या. ते नुकसान सर्वांना डोळ्यांनी दिसले. जुन्या राउटरमुळे होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ते समजून घेणे आवश्यक ठरते, मुरुडच्या निवासगृहांत जितके, तितकेच मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही.

'देखभाल संपली' म्हणजे काय?

राउटर हा वस्तुतः एक लहानसा संगणकच असतो. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते आणि 'फर्मवेअर' नावाची आज्ञावली असते. घरातील सर्व उपकरणे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या उंबरठ्यावर तो बसतो. कोणती माहिती आत घ्यायची, कोणती बाहेर सोडायची आणि कोणती अडवायची, हे फर्मवेअर ठरविते.

माणसाने लिहिलेल्या कोणत्याही आज्ञावलीत चुका राहतातच. संशोधक किंवा हल्लेखोर त्या शोधून काढतात. चूक उघड झाली, की उत्पादक सुधारित फर्मवेअर प्रसिद्ध करतो. मात्र हे काम कायम चालत नाही. नवे मॉडेल बाजारात आले, की काही वर्षांत जुन्याची विक्री थांबते आणि त्यानंतर त्याच्या सुधारणाही थांबतात. कंपनी आपल्या संकेतस्थळावर तशी नोंद करते आणि तिच्या दृष्टीने त्या मॉडेलचे आयुष्य संपते.

गोम येथेच आहे. पंखा बिघडला की थांबतो, दिवा गेला की अंधार होतो. राउटरचे तसे नाही. देखभाल संपल्यानंतरही तो दहा वर्षे चालू शकतो. या काळात सापडलेली प्रत्येक नवी चूक त्यात कायमची राहते. ती चूक कोणती आणि तिचा फायदा कसा घ्यायचा, याची माहिती मात्र सर्वांना उपलब्ध असते. कुलूप तेच राहते, पण त्याच्या किल्लीचा साचा बाजारात आलेला असतो.

सानपाड्याचा धडा

घरातील इंटरनेट जोडणीचा वापर दुसऱ्याने केला, तर काय होऊ शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत गंभीर उदाहरण २००८ मधील आहे. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत पन्नासहून अधिक बळी गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तपासाची सूत्रे नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोचली. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा संगणक जप्त झाला आणि त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. त्याच्या घरचे वाय-फाय असुरक्षित होते आणि दुसऱ्याच कोणीतरी त्यातून तो ई-मेल पाठविला होता. स्फोटांच्या कटाशी त्याचा संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अशाच ई-मेलसाठी माटुंग्यातील एका महाविद्यालयाची आणि चेंबूरमधील एका कंपनीची वाय-फाय जोडणी वापरली गेली. २००९ च्या आरंभी केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

ते प्रकरण जुन्या राउटरचे नव्हते, उघड्या वाय-फायचे होते. परंतु त्यातून मिळणारा धडा दोन्हींना सारखाच लागू पडतो. पोलिसांना प्रथम दिसतो तो इंटरनेट जोडणीचा क्रमांक, आणि ती जोडणी ज्याच्या नावावर असते त्याच्या दारावर पहिली थाप पडते. फरक एवढाच, की २००८ मध्ये गुन्हेगाराला इमारतीच्या आसपास यावे लागत होते. देखभाल संपलेल्या राउटरच्या बाबतीत तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसून हे काम करू शकतो.

धोके कोणते?

पहिला धोका : आपल्या जोडणीआडून दुसऱ्याचा गुन्हा. बाधित राउटरमधून हल्लेखोर आपली वाहतूक वळवितो. त्यामुळे त्याने केलेली फसवणूक आपल्या घरातून झाल्यासारखी दिसते.

दुसरा धोका : फौजेतील भरती. हजारो बाधित राउटर एकाच आज्ञेवर एखाद्या संकेतस्थळावर मागण्यांचा भडिमार करतात आणि ते बंद पाडतात. अशा फौजेला 'बॉटनेट' म्हणतात. घरमालकाला जाणवते ते फार तर संथ झालेले इंटरनेट.

तिसरा धोका : चुकीचा पत्ता. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, तेव्हा त्या नावाचा अंकी पत्ता 'डीएनएस' ही निर्देशिका पुरविते. कोणती निर्देशिका वापरायची हे सहसा राउटर सांगतो. ही नोंद बदलली, तर आपण बँकेचे नाव लिहूनही तोतया संकेतस्थळावर पोचू शकतो. अशा वेळी ब्राउझर प्रमाणपत्राबाबत इशारा देतो, परंतु अनेक जण तो न वाचताच पुढे जातात. 'डीएनएस चेंजर' या विषाणूने जगभरातील सुमारे ४० लाख संगणक याच पद्धतीने वळविल्याचे २०११ मध्ये उघड झाले होते.

चौथा धोका : घरात शिरकाव. उंबरठा ओलांडल्यावर कॅमेरा, दूरचित्रवाणी संच, छपाई यंत्र, कार्यालयाचा लॅपटॉप ही सर्व उपकरणे हल्लेखोराच्या टप्प्यात येतात.

याशिवाय जुन्या राउटरमधील वाय-फायची सुरक्षा पद्धतीही कालबाह्य असू शकते. 'डब्ल्यूईपी' ही पद्धत २००१ मध्येच भेदण्यात आली होती. २०१७ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' मधील एक त्रुटी उघड झाली. ज्या उपकरणांना सुधारणा मिळाली, त्यांचा प्रश्न सुटला. ज्यांना मिळाली नाही, त्यांची त्रुटी तशीच राहिली.

घडलेल्या घटना

हे धोके कागदावरचे नाहीत. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने कॅमेरे आणि राउटर यांत घुसण्यासाठी कारखान्यातून येणाऱ्या साठएक सर्वज्ञात पासवर्डांची यादी वापरली. त्याच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या डीएनएस सेवेवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. पुढच्याच महिन्यात जर्मनीतील 'डॉइश टेलिकॉम'च्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर विस्कळीत झाले.

भारतातही जुलै २०१७ च्या अखेरीस 'बीएसएनएल'च्या ब्रॉडबँड ग्राहकांना असाच फटका बसला. ज्या मोडेमवर कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवलेला होता, ते विषाणूने निकामी केले. पासवर्ड बदलण्याचे आवाहन कंपनीला ग्राहकांना करावे लागले.

मे २०१८ मध्ये 'व्हीपीएन फिल्टर' या विषाणूने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे बाधित केल्याचे समोर आले. त्या वेळी अमेरिकेच्या 'एफबीआय'ने नागरिकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला होता.

देखभाल संपलेल्या राउटरचा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो जानेवारी २०२४ मध्ये. चीनशी संबंधित हल्लेखोरांनी वापरलेले शेकडो घरगुती व छोट्या कार्यालयांतील राउटर न्यायालयाच्या परवानगीने विषाणूमुक्त केल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य राउटर सिस्को आणि नेटगिअर या कंपन्यांचे, देखभाल संपलेले होते. हा उपाय तात्पुरता असून राउटर पुन्हा सुरू केल्यास तो निष्प्रभ होईल, असेही सांगण्यात आले.

मे २०२५ मध्ये 'एफबीआय'ने देखभाल संपलेल्या तेरा मॉडेलांची यादी प्रसिद्ध केली. ती प्रामुख्याने लिंकसिस कंपनीची होती. त्याच सुमारास 'एनीप्रॉक्सी' आणि 'फाइव्ह सॉक्स' या दोन सेवा बंद पाडण्यात आल्या. या सेवा बाधित राउटरमधून जाणारा मार्ग महिना सुमारे १० ते ११० डॉलरना भाड्याने देत होत्या. म्हणजे घराचे भाडे घरमालकाच्या नकळत कोणी तिसराच खात होता.

जून २०२५ मधील इशारा भारतीय ग्राहकांना अधिक जवळचा आहे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर ७४० एन, ८४१ एन आणि ९४० एन या राउटरांच्या काही आवृत्त्यांतील त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची नोंद अमेरिकेच्या 'सिसा' या सायबर सुरक्षा संस्थेने केली. देखभाल संपली असल्यास या राउटरांचा वापर थांबवावा, असा सल्लाही दिला. हे राउटर एकेकाळी आपल्याकडील संगणकाच्या दुकानांत सर्रास विकले जात होते.

आपला राउटर कसा तपासावा?

राउटर उलटा करून पाहिल्यास तळाशी चिकटविलेली पट्टी दिसते. तिच्यावरील दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअरची आवृत्ती. आवृत्तीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एकाच नावाच्या राउटरच्या पाच-सहा आवृत्त्या असू शकतात आणि त्यांतील एकीची देखभाल चालू, तर दुसरीची बंद असू शकते.

त्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील मदत विभागात हे मॉडेल शोधावे. देखभाल संपल्याची सूचना तेथे असू शकते. तशी सूचना नसल्यास फर्मवेअरची शेवटची तारीख पाहावी. ती अनेक वर्षांपूर्वीची असेल, तर सूचना नसली तरी राउटरला वाली उरलेला नाही, असेच समजावे.

राउटरमध्ये सध्या कोणते फर्मवेअर आहे, हे त्याच्या व्यवस्थापन पानावर दिसते. घरच्या वाय-फायला जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता (इंग्रजी अंकांत) टाइप केल्यास हे पान बहुधा उघडते. नेमका पत्ता तळाच्या पट्टीवर दिलेला असतो.

राउटर सेवा पुरवठादाराने दिलेला असल्यास त्याचे फर्मवेअर बदलण्याचे अधिकार बहुधा पुरवठादाराकडेच असतात. अशा वेळी ग्राहक सेवेकडे मॉडेल क्रमांक देऊन 'या यंत्राला सुरक्षा सुधारणा मिळतात काय?' असे लेखी विचारावे.

एक चूक घरोघरी आढळते. तांब्याच्या तारेवरील जोडणी जाऊन फायबर आल्यावर नवे यंत्र बसते. परंतु 'चांगला चालतोय, फेकायचा कशाला' म्हणून जुना राउटर माडीवर किंवा मागच्या खोलीत वाय-फायचा पल्ला वाढविण्यासाठी लावला जातो. तपासणीत हा दुसरा राउटर विसरू नये.

तातडीने काय करावे?

देखभाल चालू असल्यास :

१. नवीनतम फर्मवेअर उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. स्वयंचलित सुधारणेची सोय असल्यास ती चालू ठेवावी. फर्मवेअर बदलत असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी.

२. व्यवस्थापन पानाचा पासवर्ड बदलावा. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक घरांत दुसरा बदललेला असतो, पहिला मात्र 'अ‍ॅडमिन' असाच राहतो.

३. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. 'यूपीएनपी' आणि 'डब्ल्यूपीएस' यांची गरज नसल्यास त्याही बंद कराव्यात.

४. वाय-फायसाठी 'डब्ल्यूपीए-३' किंवा किमान 'डब्ल्यूपीए-२' पद्धत निवडावी.

५. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्यांना तोच पासवर्ड द्यावा. निवासगृह चालविणाऱ्यांनी ही सोय नसलेला राउटर वापरूच नये आणि पासवर्ड वरचेवर बदलत राहावा.

देखभाल संपलेली असल्यास :

खरा उपाय एकच, तो म्हणजे राउटर बदलणे. वरील काळजी घेतल्याने धोका कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही. पासवर्ड कितीही कठीण असला, तरी काही त्रुटींमध्ये हल्लेखोराला पासवर्डची गरजच पडत नाही. राउटर बंद करून सुरू केल्याने काही विषाणू स्मृतीतून पुसले जातात, पण त्रुटी तशीच राहिल्याने ते पुन्हा येऊ शकतात.

तंत्रज्ञानाची जाण असलेल्यांसाठी 'ओपन-डब्ल्यूआरटी' हे मुक्त फर्मवेअर हा एक पर्याय आहे. काही जुन्या मॉडेलांना त्यामुळे नव्याने सुधारणा मिळू शकतात. मात्र अगदी कमी स्मृती असलेल्या स्वस्त राउटरांवर त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या चालत नाहीत. शिवाय बसविताना चूक झाल्यास यंत्र निकामी होऊ शकते.

'आमच्या घरात चोरण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. हल्लेखोराला बहुधा आपली माहिती नको असते, आपला पत्ता हवा असतो. त्यासाठी तो घर निवडत नाही. त्याची आज्ञावली इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक चाचपत जाते आणि जे दार उघडे सापडेल, तेथे शिरते. काही सेवा पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सामायिक पत्त्याआड ठेवतात. त्यामुळे बाहेरून थेट हल्ला करणे अवघड जाते. तरीही घरातील बाधित मोबाईल किंवा संगणक आतून राउटरवर हल्ला करू शकतो, म्हणून या संरक्षणावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

नवा घेताना, जुना टाकताना

नवा राउटर घेताना दुकानदार वेग आणि अँटेनांची संख्या सांगतो. ग्राहकाने आणखी एक प्रश्न विचारावा : 'याला सुरक्षा सुधारणा कधीपर्यंत मिळणार?' ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या उत्पादकांना हा किमान कालावधी जाहीर करणे बंधनकारक आहे आणि सर्वांना एकच सोपा पासवर्ड देण्यास मनाई आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सायबर सुरक्षेचा व्यापक कायदा केला असून त्यातील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. भारतात दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीची व्यवस्था आहे. तथापि, सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे दुकानातील खोक्यावर सहसा छापलेले आढळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहणे इष्ट. बरीच वर्षे बाजारात असलेले मॉडेल स्वस्त मिळते खरे, पण त्याच्या उरलेल्या आयुष्याचाही हिशेब करावा. जुन्या बाजारातील राउटर तर टाळलेलाच बरा.

जुना राउटर विकण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी त्याच्या मागील छोटे 'रीसेट'चे बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरावे. त्यात वाय-फायचा पासवर्ड आणि जोडणीचे वापरकर्ता नाव साठविलेले असते. देखभाल संपलेला राउटर कोणाला वापरायला देऊ नये. तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा.

शंका आल्यास

इंटरनेट अकारण संथ होणे, व्यवस्थापन पानाचा पासवर्ड आपोआप बदलणे, डीएनएसच्या रकान्यात अनोळखी अंक दिसणे, नेहमीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा इशारा येणे ही संशयाची चिन्हे आहेत. अशा वेळी राउटर रीसेट करावा, फर्मवेअर अद्ययावत करावे, सर्व पासवर्ड बदलावेत आणि सेवा पुरवठादाराला कळवावे. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेमार्फत २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालविले जाते. बाधित संगणक व मोबाईल स्वच्छ करण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येणे, हे तक्रार किती लवकर होते यावर अवलंबून असते.

कोकणातील माणूस पावसाळ्यापूर्वी न विसरता घर शाकारतो. कौल फुटेपर्यंत वाट पाहत नाही. राउटरच्या तळाची पट्टी वाचायला मात्र पाच मिनिटेही लागत नाहीत. वर्षातून एकदा, शाकारणीच्याच दिवसांत, हे काम उरकून घ्यावे. जोडणी आपल्या नावावर आहे. तिच्यातून काय जाते-येते याचे उत्तरही प्रथम आपल्यालाच द्यावे लागते.